साडेतीन रुपये गेले

"केवढ्याला?"

जिन्याच्या पहिल्या वळणावर हा प्रश्न आला, की माझा पिशवीचा हात आपोआप पाठीमागे जातो. शाळेत बाकाखाली चिंच खाताना पकडल्यावर जायचा तसा. उपयोग काही नसतो. पिशवीतून कोथिंबीर मान वर काढून बघत असते आणि भावकाकांनी ती बघितलेली असते.

"पंचवीस," मी म्हणतो.

मग विधी सुरू होतो. काका डोळे मिटतात. ओठ पुटपुटायला लागतात. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागतो, जप करणाऱ्याचा चालावा तसा. जिन्यात शांतता. चार-पाच सेकंदांनी डोळे उघडतात आणि एक्स-रे उजेडाकडे धरून बघणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात निकाल येतो.

"आठ रुपये गेले."

कुणाचे गेले, कुणाकडे गेले, हे सांगायची गरज काकांना वाटत नाही. त्यात रागही नसतो. गावाकडून फोन आल्यावर माणूस ज्या सुरात 'गेले' म्हणतो, तोच सूर. मी दुखवट्याला आल्यासारखा मान खाली घालून क्षणभर उभा राहतो आणि मग वर जातो.

भावकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, ते तिथंच बरं आहे. सहकारनगरातल्या आमच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहतात, म्हणजे जकात नाक्यावरच. एका सरकारी खात्यात त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला कुणाचे उरले नाहीत, म्हणून आमचे घेतले. तुमच्या इमारतीतही असे एक असतीलच. नसतील तर ते तुम्हीच आहात, आणि बाकीचे लोक तुम्हाला बघून पिशवी पाठीमागे नेत आहेत.

मागे माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा काका बघायला आले होते. खाटेशेजारच्या टेबलावर शहाळं होतं. माझी प्रकृती राहिली बाजूला. "केवढ्याला? दवाखान्याच्या दारातल्या गाडीवरचं ना?" मी आकडा सांगितला. काकांनी डोळे मिटले. नेमकी त्याच वेळी बायको खालून औषधं घेऊन वर येत होती. पडद्याच्या अलीकडे ती पोचली आणि पलीकडून काकांचा तो गंभीर, शांत आवाज तिच्या कानावर पडला : "गेले!"

औषधांची पिशवी तिच्या हातातून सुटली. इंजेक्शनची एक कुपी फुटली. चारशे साठ रुपयांची. काकांनी पुन्हा डोळे मिटले.

एका लग्नात तर त्यांनी अक्षता टाकता टाकता माझ्या कानात शालूचे बाराशे घालवले होते. मंगलाष्टकाच्या तालावर. पण सगळीच लग्नं आणि सगळीच दुखणी सांगत बसलो तर भाजी बाजूला राहील.

काकांच्या डोक्यात पुण्याचा एक वेगळा नकाशा आहे. त्यात शनिवारवाडा नाही, विद्यापीठ नाही, पर्वतीसुद्धा नाही. त्यात तेल कुठं स्वस्त, तूरडाळ कुठं स्वस्त आणि मेथी किती वाजता स्वस्त, एवढ्याच खुणा आहेत. या नकाशाचं सूत्र त्यांनी आमच्या सगळ्यांकडून पाठ करून घेतलं आहे : पाकिटातलं मार्टातून, मातीतलं मंडईतून. तेल, साखर, साबण, चहा आणि फरशी पुसायचं औषध मोठ्या सवलतीच्या दुकानातून. भाजी तिथून कधीच नाही. "थंडगार खोलीत ठेवलेली भाजी म्हणजे मेकअप केलेलं दुखणं." डाळी आणि गहू मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून. कांदे-बटाटे गुलटेकडीला. पालेभाजी मंडईत, पण सकाळी नव्हे. लसणीचा मात्र मोठा घोळ आहे. ती मातीतली खरी, पण टिकते भुसारासारखी. तिला कुठल्या खात्यात टाकायचं यावर काका आणि ग्राहक पेठेत भेटणारे त्यांचे एक मित्र यांच्यात कित्येक वर्षं वाद चालू आहे.

त्यांच्या वयाचे लोक पेपर आला की आधी निधनवार्ता वाचतात. काका बाजारभाव वाचतात. रविवारी मार्केट यार्डात मोठी आवक होते, म्हणून सोमवारचा पेपर हा त्यांचा खरा सणाचा पेपर. फ्लॉवर, गवार, दोडका, ढोबळी : भाव दहा किलोचे. कोथिंबीर, मेथी, शेपू, चाकवत : भाव शेकडा जुडीचे. आपल्यासारख्याला त्या रकान्यातलं ओ की ठो कळत नाही. काका दहानं भागतात, त्यात हमाली मिळवतात, टेम्पो मिळवतात, सडणाऱ्याची घट धरतात, विकणाऱ्या बाईचा नफा धरतात ("तिनंही जगलं पाहिजे, एवढंच की माझ्या जिवावर नको"), आणि त्या दिवसाचा न्याय्य भाव काढतात. आडतही मिळवतात. २०१६ साली भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी माल घेणाऱ्याकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा काकांनी शेतकऱ्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि त्याच रात्री बसून आपला सगळा तक्ता नव्यानं मांडला. न्याय्य भावाच्या वर जे काही जाईल ते गेले.

एका रविवारी काकांनी मला बरोबर नेलं. 'नेलं' हा शब्द सौम्य आहे. पहाटे साडेपाचला दार वाजलं.

गुलटेकडीला पोचलो तेव्हा उजाडायचं होतं आणि अर्धं पुणे आपल्याआधी उठलेलं होतं. टेम्पो मागे घेणारे, डोक्यावर गोणी घेऊन 'बाजू, बाजू' ओरडत अंगावर येणारे हमाल, पायाखाली कोबीच्या पानांचा चिखल. इथं किलो-अर्धा किलोचं नावही काढायचं नसतं. एका गाळ्यावर मी "गवार पाव किलो" म्हणालो, तर तिथल्या पोरानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की काकांनी मला दोन पावलं मागे ओढलं आणि 'बरोबर आहेत, नवीन आहेत' असं काहीतरी सांगितलं. मग त्यांनी टोमॅटोच्या एका क्रेटवरचा थर बाजूला केला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळाचा एक टोमॅटो वर काढला. "वरचे मुलगी बघायला आल्यावर बसवतात ते. संसार तळच्यांशी करायचा असतो."

तिथून मंडई. आता मंडईखालून मेट्रो जाते, सप्टेंबर २०२४ पासून. पण काकांकडे बसचा ज्येष्ठ नागरिकांचा पास आहे आणि पासावर बसलेला माणूस तिकीट काढत नसतो. आठ बाजूंच्या त्या शिखराखाली उभं राहून काकांनी मला जो इतिहास सांगितला, तो खरा आहे. ही इमारत १८८६ साली उघडली, तेव्हा तिला मुंबईच्या गव्हर्नरचं, लॉर्ड रे यांचं नाव होतं. त्याआधी नगरपालिकेत या इमारतीवर एवढा पैसा घालायला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकारानं मंडईला नाव लागलं ते फुल्यांचंच. दुसऱ्या कुणाला यात इतिहासाचा न्याय दिसेल. काकांना भाव दिसतो.

"जोतीराव बरोबर बोलले होते. इमारतीचा खर्च शेवटी वांग्यावरच चढतो."

मेथीवालीनं आम्हाला लांबून पाहिलं आणि हात जोडले. स्वागताचे नव्हेत. "बाबा, अजून भवानी व्हायचीय. दुसरं गिऱ्हाईक झाल्यावर या." काकांना यात अपमान वाटला नाही. ते बाजूला उभे राहिले, शांतपणे, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. दोन गिऱ्हाइकं झाली. मग काकांनी एक गड्डी उचलली, उलटी धरली, मुळाशी बांधलेल्या सुतळीखाली बोट घातलं आणि हळूच झटकली. खाली पाण्याचे थेंब पडले.

"पाण्याचा भाव निराळा लावा, मावशी."

"पाणी देवाचं आहे, बाबा. त्याचे कुठं पैसे घेते?"

"मग पाणी काढून द्या."

दहा मिनिटं चाललं. शेवटी गड्डीमागे साडेतीन रुपये उतरले. वर मूठभर कढीपत्ता आला, त्याचे पैसे घ्यायची प्रथा पुण्यात अजून पडलेली नाही. बाई हसत होती. मला वाटलं होतं शिव्या देत असेल.

शेवटचा मुक्काम सवलतीच्या मोठ्या दुकानात. इथं काकांचे नियम कडक आहेत. ट्रॉली घ्यायची नाही, टोपली घ्यायची. ट्रॉली ढकलता येते म्हणून भरली जाते, टोपली उचलावी लागते म्हणून माणूस शुद्धीवर राहतो. उपाशीपोटी जायचं नाही. 'एकावर एक फुकट' या पाटीचा अर्थ 'एकाऐवजी दोन विकत' असा वाचायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वर बघायचं नाही. दुकानदार महागाचा माल डोळ्यांसमोर मांडतात आणि स्वस्त माल घोट्याशी, म्हणून काका दुकानभर उकिडवे चालतात. त्या दिवशी दोन बायकांना वाटलं त्यांची काहीतरी वस्तू हरवलीय. त्या शोधायला वाकल्या.

डी-मार्टवर काकांची विशेष भक्ती. राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईला पहिलं दुकान काढलं इथपासून ते पोथी सुरू करतात. जागा शक्यतो भाड्यानं घ्यायची नाही, विकतच घ्यायची. झगमगाट करायचा नाही. माल पुरवणाऱ्यांचे पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. "जोतीरावांचं म्हणणं एका मारवाड्याला कळलं!" असा या पोथीचा शेवट असतो. एकदा ही पोथी रंगात आली असताना आतून काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "२०१७च्या मार्चमध्ये त्यांचा शेअर २९९ रुपयांना निघाला होता. पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर गेला. तेव्हा हे त्यांच्याच दुकानात साखर निवडत होते."

काकांनी डोळे मिटले. पण अंगठा हलला नाही. काही हिशेब माणूस पेरांवर करत नाही.

रविवारच्या त्या मोहिमेत आमचे एकशे बारा रुपये वाचले. माझे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून येताना मी रिक्षा केली. नव्वद रुपये गेले, हे मला काकांनी रिक्षात बसल्या बसल्या सांगितलं.

या मोहिमांचा खरा ताप पुढं असतो. घाऊक माल घाऊकच येतो. मग जिन्याच्या वळणावर वाटप. काका स्टुलावर बसून तागडी धरतात आणि नऊ बिऱ्हाडांचे वाटे घालतात. दहा किलो मटार आले, की सगळी इमारत गच्चीवर सोलायला. दहा किलो फ्लॉवर आला, की सगळ्या मजल्यांवर एकच वास. एकदा पडवळ फारच पडेल भावात मिळालं. आठवडाभर नऊच्या नऊ घरांत पडवळ होतं. पडवळाची भाजी, पडवळाची आमटी, पडवळाची भजी, आणि तिसऱ्या मजल्यावर एका सुनेनं युट्यूब बघून पडवळाचा हलवा केला, तो कुणीच खाल्ला नाही. "पण भाव बघा ना!" काका म्हणत होते. भाव आम्ही बघत होतो. खाणं जात नव्हतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभराच्या पार गेला, तेव्हा मात्र याच माणसानं इमारतीला सक्तीनं चिंच-आमसुलावर आणलं. आम्ही मनातल्या मनात पडवळाची माफी मागितली.

काकांची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, हिशेबनिसाची, आडवी. त्यात जमा नाही, खर्च नाही. एकच रकाना : वाचले. रोजचे रुपये-पैसे, महिन्याची बेरीज, वर्षाची बेरीज. मी पाहिली तेव्हा एकूण आकडा पावणेतीन लाखांवर गेला होता. मी थक्क झालो. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "हो, पण आहेत कुठं ते?"

"वाचलेत," काका म्हणाले.

"ते कळलं. पण ठेवलेत कुठं?"

"अगं, वाचलेले पैसे ठेवायचे नसतात. ते गेलेले नसतात, एवढंच."

"म्हणजे नाहीतच."

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

त्या वहीत 'सौ.' असा एक पोटरकाना होता. काकांच्या मते त्यांच्या आयुष्यात भाव करता येणारी दुसरी एकच व्यक्ती होती, आणि ती घरातच होती. "हिच्या हाताला यश आहे," ते सांगायचे. "मंडईत मेथी अठराला असते, ही दारावर बाराला आणते. कशी, ते सांगत नाही. मी इतकी वर्षं बाजारात काढली, मला नाही जमलं." आमच्यापैकी कुणाचीही पिशवी बघून काका 'गेले' म्हणाले नाहीत असं झालं नाही. काकूंना मात्र त्यांनी तो शब्द कधी ऐकवला नाही. उलट पोटरकान्यात सहा रुपये चढायचे. 'सौ.'ची एकूण बेरीज साठ हजारांच्या घरात होती.

ते गुपित काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं होतं. साड्यांना फॉल लावता लावता, दोऱ्याचं टोक दातात धरून. "मी कुठली भाव करतेय? हातगाडीवाला पंचवीस म्हणाला की पंचवीस देते. यांना बारा सांगते."

"आणि वरचे?"

"हे आहे ना," म्हणून त्यांनी मांडीवरच्या साडीकडे मान हलवली. एका साडीचा फॉल म्हणजे तीन-चार दिवसांची भाजी. "रोज उठून ते 'गेले, गेले' कोण ऐकणार? संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला घरात बरं नाही वाटत."

म्हणजे आमच्या इमारतीतली सर्वांत मोठी बचत ही सर्वांत मोठी उधळपट्टी होती आणि ती वहीत रोज शाईनं नोंदली जात होती. आम्ही नवरा-बायको त्या रात्री पोट धरून हसलो होतो.

मध्यंतरी काकांवर एक आघात झाला. पाकिटातल्या मालाचं ग्रॅममागे किती पडतं हे तोंडी काढणं ही त्यांची खास विद्या होती. मोठं पाकीट नेहमी स्वस्त नसतं, हे त्यांनी एका दुकानात मॅनेजरला बोलावून सिद्ध केलं होतं. एक किलोचा पुडा अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन पुड्यांपेक्षा सात रुपयांनी महाग! बघ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पाचाचा बिस्किटपुडा पाचालाच राहतो आणि आतली बिस्किटं मात्र बारीक होत जातात, हेही आम्हाला पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं. आणि मग कायदा आला. पाकिटावर एमआरपीजवळच दर ग्रॅमला किती, हे कंपन्यांनी छापायला सुरुवात केली. काकांनी ते बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं. आयुष्यभर कानानं सूर लावलेल्या माणसाला पेटीच्या पट्ट्यांवर सा-रे-ग-म लिहिलेलं दिसावं, तसे ते बघत राहिले. "बरोबर आहे आकडा," एवढंच म्हणाले.

माझी मुलगी आता भाजी फोनवर मागवते. दहा मिनिटांत एक पोरगा धापा टाकत जिना चढून येतो. काकांनी पहिल्या वेळी पिशवी बघितलीच नाही, पोराकडे बघितलं. त्याला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "तुझे किती सुटतात यात?" त्यानं सांगितलं. काकांनी डोळे मिटले, अंगठा पेरांवर फिरला. बराच वेळ फिरला. पण डोळे उघडून ते त्याला काहीच बोलले नाहीत. मुलीला मात्र म्हणाले, "तुझे फक्त साडेतीनच गेलेत हो. फार नाही." याच्याआधी त्यांच्या तोंडून 'फार नाही' हे शब्द मी ऐकले नव्हते.

मग एका आषाढात काकू गेल्या. काही दुखणं नाही, खुपणं नाही, दुपारी झोपल्या त्या तशाच.

पुढं कित्येक महिने जिन्यात कुणी काही विचारलं नाही. आम्ही पिशव्या उघड्या घेऊन वर जायचो. मुद्दाम सावकाश जायचो. एकदा मी मोसमाआधीचे आंबे, अख्खी पेटी, दोन्ही हातांनी छातीशी धरून त्यांच्या दारावरून नेले. काका ओसरीत बसले होते. त्यांनी पेटी बघितली, मला बघितलं, "जड आहे का?" म्हणाले. झालं. मी वर गेलो आणि बायकोला म्हणालो, आंबे आंबट निघणार. तसे निघालेही.

घाऊक बाजारही सुटला. तिथं एका माणसाचा माल मिळत नाही. मार्टातही स्वस्ताई मोठ्या पुड्यात, आणि मोठा पुडा संपवायला घरात माणसं लागतात. काका आता मेथीची गड्डी घेतात आणि निम्मी कुणाला द्यायची म्हणून जिना चढतात. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत, अर्धा कोबी घेऊन. पूर्वी ते आम्हाला वाटे घ्यायला लावायचे म्हणून आम्ही कुरकुरायचो. आता कोबीचा अर्धा वाटा घेताना बायको त्यांना जेवायलाच थांबवते. कोबीचे नऊ रुपये ते मोजून घेतात, तो प्रश्न नाही.

अशाच एका संध्याकाळी जेवताना ते एकदम म्हणाले, "तुझी काकू मेथी बाराला आणायची."

मी बायकोकडे बघितलं नाही.

"मी सगळीकडं विचारून बघितलं. दारावरच्या गाडीवाल्यांना, मंडईत, यार्डात. बाराला कुणी देत नाही रे. एकाला मी तिचं नाव सांगितलं, त्या काकूंना द्यायचास तशी दे म्हणून. तो नुसता बघतच राहिला." त्यांनी ताटातली मेथी बोटानं बाजूला केली. "हात होता तिचा."

"होता," बायको म्हणाली, आणि आमटी वाढायला उठली.

त्या रात्री मला झोप आली नाही. हा माणूस मला वीस वर्षं जिन्यात अडवतो. याच्यामुळे मी माझ्याच घरात चोरासारखा भाजी आणतो. याच्यामुळे माझ्या बायकोनं इंजेक्शनची कुपी फोडली आहे, पडवळाचं नाव काढलं तर माझी मुलं अजून घराबाहेर जातात. असं सगळं मनाशी घोकून बघितलं. राग काही येईना.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पिंपळाखाली बसणाऱ्या मावशींकडून मी मेथी घेतली. पंधराला. आणि जिन्यात पिशवी पाठीमागे नेली, पण जुडी दिसेल अशी.

बराच वेळ काही नाही. मी पायरीवर पाय आपटला. मग तळमजल्यावरून, घसा खाकरून, "केवढ्याला?"

"तीस," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले. अंगठा आधी जरा अडखळला, मग चालू लागला. डोळे उघडले तेव्हा त्यांत पूर्वीची ती चमक होती. "पंधरा! पंधरा रुपये गेले! अरे, कुणाकडून घेतलीस?"

मी गडबडलो. खोटं बोलायची सवय नसली की माणूस पुढचा प्रश्न धरून चालत नाही. "त्या... पिंपळाखालच्या मावशी," मी खरंच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, धाप लागलेली. त्यांनी माझा हात उघडला आणि तळव्यावर दहाची नोट आणि पाचाचं नाणं ठेवलं.

"घे. गेलेले परत आणले."

मग ते एकेक पायरी मोजत खाली उतरले आणि घरात लाल वही उघडल्याचा आवाज आला, किंवा मला तसा भास झाला असेल.

मी ती पंधरा रुपयांची रक्कम घेऊन तसाच चौकात गेलो. मावशी शेपूवर पाणी मारत होत्या. मी पैसे पुढं केले, चूक झाली, माझंच काहीतरी ऐकण्यात, असं पुटपुटलो.

"ठेवा तिकडं," त्या म्हणाल्या. "तासभर उभे होते बाबा. सगळा भाव काढून दाखवला, आडतीसकट. भांडले, मग बसले, मग चहा प्यायले. मग बायकोचं सांगत बसले, ती म्हणे मेथी बाराला आणायची. थरथरत होते हो. म्हटलं, जाऊ दे, देऊन टाकू."

त्यांनी नोट कमरेच्या पिशवीत खोचली, नाणं मला परत दिलं, त्याच्यावर कढीपत्त्याची एक काडी ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी खोटं बोलायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगा."